बॅटरी कशी जपावी: एकीला पोटभर, दुसरीला अर्धपोटी

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गटाच्या बैठकीला जमून रेडिओभोवती बसला असाल. आज आपण बोलणार आहोत बॅटरीबद्दल.

तुम्ही म्हणाल, बॅटरीचं आम्हाला काय? ते तर घरातल्या पुरुषांचं नाहीतर दुकानदाराचं काम. पण जरा आठवून बघा. गटाचा हिशेब ज्या लॅपटॉपवर ठेवतो त्यात बॅटरी. लाइट गेल्यावर शिलाई मशीनजवळचा दिवा आणि पंखा ज्या इन्व्हर्टरवर चालतो त्यात बॅटरी. गटाचे पापड, चटण्या बाजाराला नेणाऱ्या टेम्पोत बॅटरी. कुणी कर्ज काढून ई-रिक्षा नाहीतर ई-स्कूटर घेतली असेल, तर त्या गाडीतली सर्वांत महागडी वस्तूच बॅटरी. म्हणजे बॅटरी आपल्या रोजगाराच्या मुळाशी येऊन बसली आहे.

थोडा हिशेब करू. समजा, इन्व्हर्टरची बॅटरी 14,000 रुपयांना आली. ती दोन वर्षांत बसली, तर वर्षाला 7,000 रुपये गेले. तीच चार वर्षं टिकली, तर वर्षाला 3,500 गेले. फरक 3,500 रुपयांचा. दहा जणींच्या गटात प्रत्येकी शंभर रुपये बचत होत असेल, तर सगळ्या गटाची साडेतीन महिन्यांची बचत झाली की ही! नुसती नीट न वापरल्यामुळे ती भंगारात जाते. म्हणून आज हे ऐकायचं, आणि जमलं तर वहीत टिपून घ्यायचं.

थोरली आणि धाकटी

आपल्या वापरातल्या बॅटऱ्या मुख्यतः दोन जातींच्या. त्यांना आपण एका घरातल्या दोन जावा समजू.

थोरली जाऊ म्हणजे शिसं आणि ॲसिडची बॅटरी. फ्रान्समधल्या गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने ती 1859 साली बनवली. आत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाचं ॲसिड. टेम्पो, ट्रॅक्टर, जीप, इन्व्हर्टर आणि बऱ्याच ई-रिक्षांमध्ये हीच असते. ओळखायला सोपी: अंगाने जड. इन्व्हर्टरची बॅटरी हलवायची म्हटलं की दोन माणसं लागतात.

धाकटी जाऊ म्हणजे लिथियमची बॅटरी. ती 1991 साली बाजारात आली. जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना तिच्यासाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. मोबाइल, लॅपटॉप, ई-स्कूटर आणि नव्या ई-रिक्षा या धाकटीवर चालतात. अंगाने हलकी, पण स्वभावाने नाजूक.

घोटाळा कुठे होतो? दोघींना आपण एकाच पद्धतीने वागवतो. खरं तर दोघींचे स्वभाव उलटे आहेत. थोरलीला नेहमी पोटभर लागतं, उपाशी राहिली की ती आजारी पडते. धाकटीला पोटात थोडी जागा ठेवून राहायला आवडतं, ठासून भरलेलं तिला सोसत नाही. एक गोष्ट मात्र दोघींनाही चालत नाही, ती म्हणजे ऊन आणि उष्णता. आजच्या बोलण्याचं सगळं सार एवढंच. आता एकेक करून समजून घेऊ.

थोरली: उपाशी ठेवू नका

शिशाची बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर एक पांढरट क्षार बसतो. लगेच चार्जिंग केलं तर तो विरघळून जातो. पण बॅटरी तशीच उतरलेली आठ-पंधरा दिवस पडून राहिली, तर तो क्षार कडक होत जातो. जेवल्यावर ताट लगेच धुतलं तर एका हाताने निघतं, आणि वाळू दिलं तर घासून घासून हात दुखतात, तसंच हे. फरक एवढाच की प्लेटांवर वाळलेला हा क्षार पुढे कितीही चार्जिंग केलं तरी पुरता निघत नाही. बॅटरीची ताकद कायमची कमी होते.

म्हणून पहिला नियम: ही बॅटरी वापरून झाली की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. ई-रिक्षा संध्याकाळी घरी आली की ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायचं नाही. इन्व्हर्टर असेल तर लाइट आल्यावर तो आपोआप बॅटरी भरतो, पण त्याचं मागचं बटण कुणी बंद तर केलं नाही ना, ते बघायचं. चार दिवस गावाला जाताना इन्व्हर्टरचा मेन बंद करून जाणाऱ्या बऱ्याच जणी असतात. बॅटरी भरलेली असेल तर चार दिवसांनी काही बिघडत नाही. उतरलेली असताना बंद करून गेलात तर बिघडतं.

दुसरा नियम: तळ गाठू द्यायचा नाही. निम्मी उतरली की थांबायचं. रोज तळाला जाणारी बॅटरी जितके दिवस टिकते, त्याच्या दुपटीहून जास्त दिवस निम्म्यावर थांबणारी टिकू शकते.

निम्मी उतरली हे कळायचं कसं? साधं गणित आहे. बॅटरीवर 12 व्होल्ट आणि 150 ॲम्पिअर-तास असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार 1,800. म्हणजे नवी बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात जवळपास पावणेदोन युनिट वीज असते. तिच्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे 900. आता 9 वॉटचे चार बल्ब आणि 75 वॉटचे दोन पंखे लावले तर 186 वॉट झाले. 900 ला 186 ने भागलं की पावणेपाच तास येतात. इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज खर्च होते, म्हणून चारच तास धरा. चार तासांहून जास्त वेळ लाइट जाणार असेल तर एक पंखा बंद करायचा. इन्व्हर्टरवर मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटार लावायचीच नाही.

गॅरेजवाल्याकडे मीटर असतो, त्यानेही कळतं. बॅटरी दोन-चार तास शांत पडलेली असताना 12.6 किंवा 12.7 व्होल्ट दाखवले तर ती भरलेली. 12 च्या आसपास दाखवले तर बरीचशी उतरलेली.

तिसरा नियम पाण्याचा. ज्या बॅटरीला वर बुचं असतात, तिच्यातलं पाणी चार्जिंग होताना हळूहळू उडून जातं. पाणी कमी होऊन प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग निकामी होतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी असते, तिच्यावर लाल आणि हिरवी खूण असते. काडी लाल खुणेपर्यंत खाली जाऊ द्यायची नाही, आणि हिरव्या खुणेच्या वर पाणी भरायचं नाही. उन्हाळ्यात दर महिन्याला आणि इतर वेळी दोन महिन्यांनी बघा. पाणी शक्यतो बॅटरी भरल्यानंतर घालायचं, कारण चार्जिंग होताना आतलं पाणी वर येतं.

पाणी कोणतं? फक्त डिस्टिल्ड वॉटर, ज्याला दुकानात बॅटरीचं पाणी म्हणतात. विहिरीचं नाही, बोअरचं नाही, गाळलेलं किंवा उकळलेलंही नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो, तो आपण रोज खरवडतो. तोच क्षार बॅटरीत गेला तर खरवडणार कोण? आणि कुणी म्हणालं, ‘बॅटरी कमजोर झालीय, ॲसिड टाका’, तर ऐकू नका. उडून जातं ते पाणी. ॲसिड आतच राहतं. वरून आणखी ॲसिड घातलं की प्लेटा लवकर खराब होतात.

टेम्पो आणि जीपची बॅटरी

गाडीची बॅटरी सेल्फ मारताना थोडा वेळ भरपूर वीज देते, आणि मग इंजिन चालू असताना पुन्हा भरते. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहिली तर घड्याळ, अलार्म अशा बारीकसारीक गोष्टींनी बॅटरी उतरत जाते. वेशीपर्यंत जाऊन लगेच परत आलं तरी सेल्फला गेलेली वीज भरून निघत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-तीस मिनिटं सलग फिरवा. महिनाभर उभीच राहणार असेल तर बॅटरीची काळी वायर सोडून ठेवा. सेल्फ लागत नसेल तर दहा सेकंदांहून जास्त वेळ चावी धरून ठेवू नका. मध्ये थांबा, मग पुन्हा मारा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली की वीज नीट जात नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दात घासायच्या ब्रशने ती साफ करा. सोडा आत जाऊ नये म्हणून बुचं आधी घट्ट लावा. कोरडं पुसून घ्या आणि वर थोडं व्हॅसलीन लावा. वायर सोडताना आधी काळी, मग लाल. लावताना आधी लाल आणि शेवटी काळी.

हे काम करताना आपण बायकांनी एक काळजी जास्त घ्यायची. हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवायच्या. काचेच्या बांगड्या असतील तर हरकत नाही. मंगळसूत्र लांब असेल तर ब्लाऊजच्या आत घालायचं, पदर कमरेला खोचायचा. धातू दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकला तर ठिणगी उडते आणि क्षणात तापून कातडी भाजते. चार्जिंग होताना या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. म्हणून तिच्याजवळ काडी, दिवा, चूल, उदबत्ती काही नको, आणि खोलीची खिडकी उघडी हवी. देवघराशेजारी इन्व्हर्टर असेल तर जागा बदला. ॲसिड डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

ई-रिक्षावाल्या तायांसाठी एक गोष्ट. शिशाच्या बॅटरीवरच्या रिक्षात बहुधा 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून 48 व्होल्ट केलेले असतात. चार बैलांची औत समजा. एक बैल अधू असला की तिघांचीही चाल मंदावते. म्हणून चौघींची पाणी-तपासणी एकाच दिवशी करा. एक नवी आणि तीन जुन्या अशी जोडणी शक्यतो करू नका, जुन्या बॅटऱ्या नवीलाही खाली ओढतात.

धाकटी: ठासून भरू नका

आता मोबाइल, लॅपटॉप आणि ई-स्कूटरकडे येऊ.

पुष्कळ जणींच्या मनात एक समज पक्का बसलेला आहे: ‘बॅटरी पूर्ण संपू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी.’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी होता. त्या आता आपल्या मोबाइलमध्ये नसतात. लिथियमची बॅटरी पूर्ण संपवली तर तिला त्रासच होतो. थोडं थोडं चार्जिंग तिला चांगलं चालतं. आज अर्धी वापरून भरली, उद्या अर्धी वापरून भरली, तर दोन्ही मिळून तिचा एकच फेरा मोजला जातो. साध्या लॅपटॉपची आणि मोबाइलची बॅटरी असे 300 ते 500 पूर्ण फेरे झाले की आपली साधारण पाचवा हिस्सा ताकद गमावते.

म्हणून धाकटीचा नियम: वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि रोजच्या वापरात ऐंशीच्या वर न्यायचं नाही. बाहेरगावी जायचं असेल, दिवसभर बैठका असतील, तर खुशाल शंभर करा. घरी असताना ऐंशी पुरे.

लॅपटॉप सतत चार्जरला लावून वापरला तर? बॅटरी कायम शंभरवर राहते आणि वर लॅपटॉपची उष्णता. भरलेलं पोट आणि ऊन, दोन्ही एकदम. बऱ्याच लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये दिलेली असते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलीला सांगून ती एकदा चालू करून घ्या, मग रोज लक्ष ठेवावं लागत नाही.

लॅपटॉप गोधडीवर, गादीवर ठेवून काम करू नका. त्याची हवा जायची भोकं खालून बंद होतात. पाटावर ठेवा, नाहीतर मोठ्या ताटावर उपडं घालून ठेवलेल्या परातीवर, पण कडक आणि सपाट जागेवर. मोबाइल चार्जिंगला लावून उशीखाली तर कधीच ठेवू नका.

ऑडिट झालं की गटाचा लॅपटॉप दोन-तीन महिने कपाटात पडतो. ठेवताना आपण काय करतो? ‘भरून ठेवू, म्हणजे पुढच्या वेळी बरं.’ तसं करू नका. निम्मा भरलेला असताना बंद करून, गार आणि कोरड्या जागी ठेवा. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून 40 अंश उष्णतेत वर्षभर ठेवली तर तिची साधारण 65 टक्केच ताकद उरते. त्याच उष्णतेत निम्म्याहून थोडी कमी भरून ठेवली तर साधारण 85 टक्के उरते. नुसतं किती भरून ठेवली, यावर एवढा फरक पडतो. दोन महिन्यांनी एकदा काढून बघा, फार उतरली असेल तर पुन्हा निम्मी करा.

ई-स्कूटरचंही तसंच. उन्हातून फेरी मारून आल्यावर बॅटरी तापलेली असते. अर्धा-पाऊण तास सावलीत गार होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. चार्जर तिच्यासोबत आलेलाच वापरा. शिशाच्या बॅटरीचा चार्जर ‘व्होल्ट तेवढेच आहेत’ म्हणून लिथियमला लावला तर आग लागू शकते. 2022 च्या उन्हाळ्यात देशात ई-स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. काही नव्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी येते. ती जास्त सोशीक असते, आणि तिला मधूनमधून शंभर टक्के भरायला कंपन्या सांगतात. म्हणून गाडीसोबतचं पुस्तक फेकू नका, त्यात तुमच्या बॅटरीचा नियम लिहिलेला असतो.

ऊन दोघींना वाईट

शिशाच्या बॅटरीबद्दल जाणकारांचा एक ठोकताळा आहे: उष्णता दर 10 अंशांनी वाढली की आयुष्य साधारण निम्मं होतं. चंद्रपूर, जळगाव, परभणीकडचा मे महिना आठवा. पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली बॅटरी किती भाजत असेल! इन्व्हर्टर सावलीच्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. उभ्या गाडीत लॅपटॉप किंवा मोबाइल सोडून जाऊ नका, बंद गाडी बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त तापते. रिक्षा कडुलिंबाखाली लावा.

बॅटरी म्हातारी झाल्यावर

जुनी शिशाची बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्या, तिचे पैसे वजा होतात. घरी फोडून शिसं काढायचा नाद कुणी करत असेल तर थांबवा. शिशाची धूळ आणि धूर लहान लेकरांच्या मेंदूवर परिणाम करतात. मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर ती वापरणं तिथेच बंद. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. फरशीवर, कपड्यालत्त्यापासून दूर ठेवून दुरुस्तीच्या दुकानात न्या. घंटागाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. केंद्र सरकारच्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. म्हणून दुकानदाराला विचारायला लाजू नका.

वहीत एक पान

मैत्रिणींनो, बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. त्या लेख्यांच्या वहीत एक पान बॅटरीचं ठेवा. कधी घेतली, किती रुपयांना, हमी किती महिन्यांची, पाणी कोणत्या तारखेला घातलं आणि लाइट गेल्यावर किती तास चालली. बिल त्याच पानाला चिकटवा. हमीच्या काळात बॅटरी बसली तर बिलाशिवाय दुकानदार दाद देत नाही. चार तास चालणारी बॅटरी अडीच तासांवर आली की पानावरून लगेच कळेल आणि नव्या बॅटरीचे पैसे आधीपासून बाजूला काढता येतील. लॅपटॉपचं कळायला दुकानात ‘बॅटरी रिपोर्ट’ काढून मागा, त्यात नवी असतानाची ताकद आणि आताची ताकद दोन्ही आकडे येतात.

पाणी बघायची जबाबदारी दर महिन्याला एकीकडे द्या, म्हणजे सगळ्यांना येईल. येत्या बैठकीत एवढंच करा: गटाच्या आणि घरच्या बॅटऱ्या मोजा, कोणती थोरली आणि कोणती धाकटी ते ठरवा, आणि पान आखा. थोरलीला पोटभर, धाकटीला अर्धपोटी आणि दोघींना सावली.

काही शंका असतील तर लिहून पाठवा, पुढच्या भागात आपण त्यांच्यावर बोलू.